माळ्यावरची जागा

भाद्रपदाचा वद्य पक्ष अर्ध्यावर आला की दूधगंगा-वेदगंगेच्या काठांना धुण्याचं उधाण येतं. चिकोडी-निपाणीकडच्या गावांतून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून वाकळा येतात. चादरी, जाजमं, सतरंज्या, पडदे येतात, आणि वर्षभरात एकदाही कुणी न पांघरलेली, पाहुण्यांसाठी राखलेली ब्लँकेटंही येतात. कापड दगडावर आपटल्याचा आवाज दुपारपर्यंत थांबत नाही. वाळवणाला काठ पुरत नाही. मग शेताचे बांध, बाभळीची झुडपं, पुलाचे कठडे रंगीबेरंगी होतात. ही घटाची धुणी. अश्विन शुद्ध प्रतिपदेला घट बसणार, त्याआधी घरातलं एकूण एक कापड पाण्यातून निघालं पाहिजे, प्रत्येक डबा घासला गेला पाहिजे, प्रत्येक कोपऱ्यातून केरसुणी फिरली पाहिजे. दोन खणांचं घर असो की दोन मजली बंगला, या दंडकातून कुणाची सुटका नाही.

घरातला पसारा आवरायचा उत्साह आणायचा कुठून, या प्रश्नावर आता जगभर पुस्तकं खपतात. जपानच्या मारी कोंदो यांचं पुस्तक २०१४ साली इंग्रजीत आलं आणि त्याच्या लाखो प्रती गेल्या; २०१९ च्या जानेवारीत नेटफ्लिक्सवर त्यांची मालिका सुरू झाली. वस्तू हातात घ्यावी, मन खुललं तर ठेवावी, नाही तर तिचे आभार मानून निरोप द्यावा, ही त्यांची रीत. फ्लॅटमधल्या कपाटासाठी ती ठीकच आहे. पण चिकोडी तालुक्यातल्या शेतकऱ्याने फवारणीचा पंप हातात घेऊन मन खुलतं का ते पाहत बसायचं म्हटलं, तर घरची माणसं वैद्याला बोलावतील. आणि खुद्द कोंदोबाईंनीही तिसऱ्या मुलानंतर आपलं घर पूर्वीसारखं टापटीप राहत नाही, अशी कबुली २०२३ मध्ये देऊन टाकली. बायकांना त्या दिवशी त्या प्रथमच आपल्यातल्या वाटल्या असतील.

घटाच्या धुण्यांना असा उत्साह बाहेरून आणावा लागत नाही. तारीख पंचांगाने दिलेली असते, आणि शेजारणीच्या दोरीवर वाकळा दिसल्या की आपल्या घरातल्या आपोआप खाली उतरतात. मुहूर्ताचं हे बळ संशोधकांनीही मोजलं आहे. हेंगचेन दाई, कॅथरीन मिल्कमन आणि जेसन रीस यांनी २०१४ साली दाखवून दिलं, की इंटरनेटवर ‘डाएट’ शोधणं, विद्यापीठाच्या व्यायामशाळेत जाणं, स्वतःशी करार करून एखादा पण करणं, हे सगळं आठवड्याच्या, महिन्याच्या, वर्षाच्या आरंभी वाढतं. नवी पाटी समोर आली की मागच्या चुका मागच्या खात्यात जातात, आणि माणूस पुन्हा एकदा प्रयत्न करायला धजतो. आपल्याकडे अशा नव्या पाट्यांची काही कमी नाही.

शिवाय या पाटीची जागाही नेमकी आहे. घट बसण्याआधीचा पंधरवडा म्हणजे पितृपक्ष, म्हाळाचे दिवस. या दिवसांत नवी खरेदी करायची नाही हा रिवाज अजून बऱ्यापैकी पाळला जातो. सराफ आणि कापडवाले तेवढे दिवस माश्या मारतात. म्हणजे घरात येणाऱ्या वस्तूंचा ओघ थांबलेला असतो आणि नेमक्या त्याच वेळी घरातला प्रत्येक कोपरा उघडलेला असतो. टाकी धुवायची तर आधी नळ बंद करावा लागतो, तसंच हे. ज्याने कुणी हा क्रम लावला, त्याच्या मनात पसारा नक्कीच नव्हता. पण क्रम कामाचा निघाला.

नळ पुन्हा कसा सुटतो, हे २०२५ साली फार ठळकपणे दिसलं. त्या वर्षी घट २२ सप्टेंबरला बसले आणि त्याच दिवशी जीएसटीचे नवे दर लागू झाले. मोठे टीव्ही आणि एसी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आले. पंधरवडाभर घासून पुसून मोकळ्या केलेल्या भिंतीला नवा टीव्ही लागला आणि जुना माळ्यावर गेला.

खरी गोम इथेच आहे. धुणी होतात, घर लख्ख होतं, पण घरातून बाहेर काही जात नाही. माळ्यावरचा बंब खाली येतो, चिंचेने घासला जातो आणि पुन्हा वर जातो. तीन बॅटऱ्यांच्या डब्या, एक स्टॅबिलायझर, दोन डिश अँटेना, मुलाच्या दहावीच्या वह्या, सगळ्यांवरची धूळ झटकली जाते आणि सगळे आपल्या जागी परततात. साफसफाई आणि अडगळ काढणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्याला हात लागतात, दुसऱ्याला निर्णय.

पूर्वी या निर्णयाची एवढी गरज पडत नसे. वस्तूंच्या बाहेर जाण्याच्या वाटा ठरलेल्या होत्या. लुगडं आधी सणाचं असे, मग घरचं होई, विटलं की त्याची बाळाची झोळी होई किंवा फडकी होत, आणि चार-पाच लुगडी-धोतरं जमली की एकावर एक अंथरून, धावदोरा घालून त्यांची वाकळ शिवली जाई. कानडी घरात हिलाच कौदी म्हणतात. टाके तेच आणि ऊबही तीच. वाकळही फाटली की तिचं पोतेरं. एका कापडाचे एवढे जन्म होत, की ते टाकून कधी द्यायचं हा प्रश्नच येत नसे. ही वाट बुजवली ती पॉलिस्टरने. सिंथेटिक साडी घाम शोषत नाही, तिचे थर एकमेकांवरून घसरतात, आणि अशी वाकळ पांघरली तर रात्रीतून तीनदा खाली पडते. मग ती साडी फाटतही नाही, विटतही नाही आणि कामालाही येत नाही. दुकानाच्या प्लॅस्टिक पिशवीत घडी करून ती कपाटात नुसती पडून राहते.

भांड्यांचं तसंच. पितळेचं पातेलं गळायला लागलं की ते मोडीत जाई. भांड्याच्या दुकानात ते वजनावर घेतलं जाई, वर थोडे पैसे घालून नवं घरी येई. ‘मोडीत काढणे’ हा शब्दप्रयोग आपण आता माणसांबद्दल आणि प्रथांबद्दल वापरतो, पण तो असा रोकडा व्यवहार होता. आणि पितळ वापरात राहायला कल्हई लागे. आंबट पदार्थ पितळेला लागून कळकू नये म्हणून आतून कथलाचा थर द्यायचा, तो झिजला की पुन्हा द्यायचा. भाता घेऊन दारोदार फिरणारे कल्हईवाले विरळ झाले तशी पितळेची भांडी स्वयंपाकघरातून उठून माळ्यावर जाऊन बसली. गंमत अशी, की माळ्यावरच्या सगळ्या अडगळीत आज हमखास चांगले पैसे देणारी वस्तू तीच असते. स्टीलला भंगारात भाव कमी आणि प्लॅस्टिकच्या बरणीला तर कुणी हिंग लावून विचारत नाही. चूल मागे पडली तशी मोडक्या खुर्चीची वाट गेली. परड्यात सिमेंट आलं तशी फुटक्या घागरीचीही गेली.

जुने कपडे घेऊन भांडी देणाऱ्या बायका अजून येतात. डोक्यावर टोपली, हाताशी कपड्यांचं गाठोडं. घासाघीस बघण्यासारखी असते. शर्टाची कॉलर उलटी करून, पँटची शिवण ताणून पाहिली जाते आणि सहा साड्यांवर एक टप देऊन सौदा पटतो. सहा गेल्या, एक आला. हिशेब वाईट नाही. फक्त तो टप कशाला हवा होता, हे त्यानंतर कळत नाही.

बाहेरच्या वाटा अशा बुजत गेल्या आणि आत येणाऱ्या रुंद झाल्या. संक्रांतीचं वाणच घ्या. एका बाईने पंचवीसजणींना प्लॅस्टिकचा डबा किंवा चाळणी लुटली, तर रथसप्तमीपर्यंत तिच्याकडे तितकीच वाणं जमा होतात. लग्नातल्या मानपानाचे टॉवेल, टोप्या, ब्लाऊज पीस तर घराघरांतून फिरतच असतात. काही पीस एवढे फिरलेले असतात की त्यांच्यावर कुणीतरी सालं घालायला हवी होती. ‘कृपया आहेर आणू नये’ ही ओळ पत्रिकेवर छापण्याची रीत पडली, ती पसाऱ्याविरुद्धची आपल्या समाजाने केलेली सर्वांत शहाणी मोहीम म्हणायला हरकत नाही. ती वास्तुशांतीला मिळणाऱ्या भिंतीवरच्या घड्याळांपर्यंत मात्र अजून पोचलेली नाही.

आणि नाव घातलेली भांडी! ज्या तांब्यावर देणाऱ्या आत्याचं नाव आणि लग्नाची तारीख कोरलेली आहे, तो मोडीत घालायला कुणाचा हात धजेल? वस्तूवर एकदा माणूस बसला की ती वस्तू राहत नाही. यावर एक साधा उपाय मात्र तपासलेला आहे. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या वसतिगृहांत कॅरन विंटरिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. काही वसतिगृहांत मुलांना सांगितलं, की आठवणीच्या वस्तूंचे आधी फोटो काढा आणि मग दान करा. इतरांत नुसतं दान करा असं सांगितलं. फोटोवाल्यांनी सुमारे १५ टक्के जास्त वस्तू दिल्या. आठवण हातातून जाणार नाही, एवढी खात्री झाली की हात सुटतो. तांब्याचा फोटो आत्याच्या नावासकट निघतो. तेवढाही जीव न धजला तर तो तांब्या देवघरात रोजच्या वापरात घ्यावा; माळ्यावर तो ना आत्याच्या कामाचा, ना भाचीच्या.

आपल्या हातात आलेली वस्तू आपल्याला उगाच मौल्यवान वाटू लागते, हे फक्त भावनेच्या वस्तूंपुरतं नाही. डॅनियल काहनेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांचा १९९० चा प्रयोग यासाठी प्रसिद्ध आहे. वर्गातल्या निम्म्या विद्यार्थ्यांना साधे कॉफीचे मग दिले आणि विकायला सांगितलं. काही मिनिटांपूर्वी ज्यांच्याकडे मग नव्हता, त्यांनीच तो विकायला मागितलेली किंमत घेणाऱ्यांच्या किमतीच्या साधारण दुप्पट निघाली. काही मिनिटांच्या मालकीने ही गत; मग पंचवीस वर्षं माळ्यावर असलेल्या मिक्सरच्या भांड्याचं काय सांगावं. ‘लागेल कधीतरी’ या दोन शब्दांना कुठल्याही घरात उत्तर नाही. त्यात टंचाई पाहिलेल्या पिढीला तर नावं ठेवूच नयेत. १९७२ चा दुष्काळ आणि रेशनची रांग ज्यांनी पाहिली, त्यांनी सुतळीचा तुकडा जपून ठेवला तर तो कंजूषपणा म्हणता येणार नाही, तो त्यांच्या काळचा हिशेब होता.

या आंधळ्या ओढीला चिकोडी-निपाणीच्या मातीत फार जुना शब्द आहे: मूर्च्छा. जैन परंपरेतल्या ‘तत्त्वार्थसूत्रा’त उमास्वातींनी परिग्रहाची ओळख वस्तूंच्या संख्येवरून करून दिलेली नाही, ती वस्तूविषयीच्या या मूर्च्छेवरून करून दिली आहे. आणि हा भाग जैन शेतकऱ्यांचा. दूधगंगा-वेदगंगेच्या संगमाजवळचं भोज हे आचार्य शांतिसागर महाराजांचं गाव. १८७२ साली जन्मलेल्या या पाटलाच्या मुलाने विसाव्या शतकात दिगंबर मुनींची परंपरा पुन्हा उभी केली आणि १९५५ साली कुंथलगिरीला सल्लेखना घेऊन देह ठेवला. चिकोडी तालुक्यातल्या सदलग्याचे आचार्य विद्यासागर महाराज, जन्म १० ऑक्टोबर १९४६, ऐन तारुण्यात घर सोडून निघाले. १९६८ साली अजमेरला त्यांनी मुनिदीक्षा घेतली आणि १८ फेब्रुवारी २०२४ रोजी डोंगरगडला त्यांचं समाधिमरण झालं. मोरपिसांची पिच्छी, कमंडलू आणि शास्त्र, एवढाच दिगंबर मुनीचा संसार. अंगावर वस्त्र नाही आणि खिसा नाहीच.

असा आदर्श समोर ठेवला तर सामान्य माणूस नमस्कार करतो आणि घरी जाऊन कपाट तसंच बंद ठेवतो. हे त्या परंपरेलाही ठाऊक होतं. म्हणून संसारी श्रावकाला तिने सगळं सोडायला सांगितलं नाही, माप ठरवायला सांगितलं. परिग्रह-परिमाण हे श्रावकाच्या पाच अणुव्रतांपैकी एक. शेत, घर, रुपं, सोनं, पशुधन, धान्य, दासी, दास, कापड, भांडी असे परिग्रहाचे दहा प्रकार मोजले जातात, आणि कशाचं किती हे ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे, आपल्या तोंडाने, आधी ठरवायचं. ठरवलेलं ओलांडलं तर तो दोष. व्रताला असं घरगुती आवराआवरीला जुंपणं एखाद्या पंडिताला रुचणार नाही. पण ध्येय कसं ठरवावं याचा याहून चांगला नमुना शोधून सापडायचा नाही. आकडा आहे, तो स्वतःचा आहे, आणि तो मोह समोर येण्याआधी ठरलेला आहे.

एडविन लॉक आणि गॅरी लॅथम या मानसशास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकापासून पुढे अनेक वर्षं हेच निरनिराळ्या लोकांवर तपासलं. ‘जमेल तेवढं कर’ असं सांगितलेल्या माणसापेक्षा नेमका आणि जरा अवघड आकडा दिलेला माणूस जास्त काम करतो, हा त्यांचा निष्कर्ष. त्यातला लॅथम आणि बाल्डेस यांचा १९७५ चा अभ्यास ओक्लाहोमातल्या लाकडं वाहणाऱ्या ट्रकचालकांवरचा. कायद्याने जेवढा भार चालतो त्याच्या सुमारे ६० टक्केच ते भरत. त्यांना ९४ टक्क्यांचं लक्ष्य दिलं. पगार वाढवला नाही, बक्षीस ठेवलं नाही; तरी भार ९० टक्क्यांच्या आसपास गेला आणि तिथेच टिकला. हंगामात चिकोडीच्या रस्त्यावरून उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर पाहिलेल्याला हा प्रयोग गमतीचा वाटेल. इथे चालकाला भार वाढवायला सांगण्याची वेळ अजून आलेली नाही.

तेव्हा ‘या दसऱ्याला घर आवरायचं’ हे ध्येय नव्हे, ती इच्छा आहे. ‘घरात पाच माणसं, म्हणून वाकळा-ब्लँकेटं पाहुण्यांसकट दहा’ हे ध्येय. ‘दुधाच्या रिकाम्या पिशव्या या एका डब्यात मावतील तेवढ्याच’ हेही ध्येय, आणि डब्याला आकडाही लागत नाही. तो भरला की त्यालाच कळतं. जर्मनीच्या पीटर गोलविट्झर यांनी १९९९ च्या लेखात यात आणखी एक गोष्ट घातली: कधी आणि कुठे ते आधीच बांधून टाकावं. ‘भंगारवाल्याची हाळी आली की जिन्याखालची पेटी त्याच्यापुढे न्यायची’ असं ठरवलेलं काम तडीस जाण्याची शक्यता नुसत्या निश्चयापेक्षा बरीच जास्त असते, कारण हाळी आल्यावर पुन्हा विचार करावा लागत नाही.

पंचांग अशा गाठी बांधायला फार सोयीचं आहे. जैनांच्या दशलक्षण पर्वातला आठवा दिवस उत्तम त्यागाचा, नववा आकिंचन्याचा, म्हणजे माझं काही नाही या भावनेचा. अनंत चतुर्दशीला ते पर्व संपतं, पाठोपाठ पितृपक्ष, मग घट, मग खंडेनवमी आणि दसरा. त्यागाच्या दिवसापासून सोनं लुटेपर्यंत जेमतेम चार आठवडे. पहिल्या आठवड्यात कपडे, म्हाळाच्या पंधरवड्यात भांडी आणि माळा, खंडेनवमीला अवजारं, अशी विभागणी कोणत्याही धर्माच्या घराला करता येते. खंडेनवमी तर खास. नांगर, कोयता, पाना, मोटारसायकल सगळं धुऊन मांडलं की गंजलेलं काय आणि चालू काय ते एका रांगेत दिसतं. त्या रांगेत कीटकनाशकांचे रिकामे डबे दिसले तर त्यांना हळदकुंकू लावण्याऐवजी तीनदा विसळून, भोकं पाडून निकालात काढावं; त्यात पाणी, तेल, धान्य ठेवण्याची सवय जिवावर बेतते.

हे सगळं करणार कोण, हा प्रश्न मासिकांतले लेख सहसा टाळतात. लॉस एंजेलिसमधल्या ३२ कुटुंबांच्या घरांचा २००१ ते २००५ या काळात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी कसून अभ्यास केला. घर दाखवताना नवरा-बायको काय बोलतात ते टिपलं आणि दिवसभरात त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल मोजलं. निरोगी माणसात हे ताणाचं संप्रेरक सकाळी जास्त असतं आणि संध्याकाळपर्यंत उतरतं. डार्बी सॅक्सबी आणि रेना रेपेटी यांनी २०१० साली मांडलं, की ज्या बायका घराबद्दल पसारा, अर्धवट कामं असं बोलल्या, त्यांच्यात हा उतार नीट होत नव्हता. नवऱ्यांमध्ये हा संबंध तसा आढळला नाही. पसाऱ्याने ताण येतो की ताणलेल्या बाईला पसारा जास्त दिसतो, हे त्यावरून ठरत नाही. पण त्याच दिवाणखान्यात बसून एकाला वर्तमानपत्र दिसतं आणि दुसरीला वर्तमानपत्रांची थप्पी दिसते, एवढं नक्की. निपाणीकडे हजारो बायका घरी बिड्या वळतात. तंबाखू, पानं, कात्री, सूप हे त्यांच्या घरात पसारा नसतं, पोट असतं. त्यांना सुटसुटीत घराचे धडे देण्यापूर्वी त्या घराचे खण मोजावेत.

दुसऱ्याची वस्तू त्याला न विचारता टाकणं हा घरोघरच्या भांडणांचा उगम आहे, आणि तो टाळावा. म्हाताऱ्या माणसाच्या ट्रंकेला तर हात लावूच नये. स्वीडनच्या मार्गारेटा मॅग्नुसन यांनी २०१७ च्या आपल्या पुस्तकात म्हातारपणी स्वतःच्या हाताने स्वतःचं सामान कमी करण्याची तिकडची रीत जगापुढे आणली. आपल्याकडच्या आज्याही हे करतात. पाटल्या कुणाला, इरकल कुणाला, जातं कुणाला हे त्या बसल्या बसल्या सांगून टाकतात. फक्त ऐकणारी माणसं विषय बदलतात. काहींना मात्र काहीच सोडवत नाही, घरात चालायला वाट राहत नाही आणि टाकायचं म्हटलं की जीव कासावीस होतो. २०१३ पासून मानसरोगांच्या अमेरिकी वर्गीकरणात या साठवण्याच्या विकाराला स्वतंत्र स्थान आहे. तिथे दसऱ्याचा मुहूर्त चालत नाही, डॉक्टर लागतो.

कागदांबाबत महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या या भागाला वेगळा सल्ला द्यावा लागेल. बाहेरचे तज्ज्ञ म्हणतात, कागद बहुतेक सगळे टाका. चिकोडीच्या घरात १ नोव्हेंबर १९५६ च्या आधीचे कागद मुंबई राज्याचे, मराठीतले, काही त्याहून जुने मोडी लिपीतले, नंतरचे कन्नडमधले. २००४ पासून सीमेचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि कागद जपणं ही इथल्या लोकांची सवय नुसत्या हौसेतून आलेली नाही. पण त्या गठ्ठ्यात डोकावलं तर निम्मे कागद सोसायटीच्या कर्जासाठी दरवर्षी काढलेले उतारेच असतात. कर्नाटकाने ‘भूमी’ प्रकल्पात सुमारे दोन कोटी उतारे संगणकावर आणून आता पंचवीस वर्षं होत आली. ताजा उतारा केव्हाही निघतो, जुन्या प्रतीला कुणी विचारत नाही. खरेदीखतं, वाटणीपत्रं आणि मोडी कागद मात्र जागचे हलवू नयेत. वाचता येत नाही म्हणून मोडी कागद रद्दीत गेलेली घरं थोडी नाहीत, आणि ती भरपाई पैशाने होत नाही.

दान करायचं ते देण्याजोगं असावं, हेही इथे सांगायला हवं. कोल्हापूरसह अनेक गावांत जुने कपडे टांगायची ‘माणुसकीची भिंत’ उभी राहते. २०१५ च्या अखेरीस इराणच्या मशहद शहरातून ही कल्पना जगभर गेली. पण २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या रस्त्यांकडेला जुन्या कपड्यांचे ढीग बेवारस पडले होते, कारण पाठवणाऱ्यांनी घेणाऱ्याचा विचार केलाच नव्हता. त्यातलंच कापड ‘गूंज’ या संस्थेने मग निवडून, फाडून, धुऊन बायकांच्या कामी लावलं. बटण नसलेला शर्ट भिंतीवर टांगण्याआधी बटण लावायला पाच मिनिटं लागतात.

आणि शेवटी माळा. नदीकाठच्या गावांना तो मोकळा ठेवण्याचं जे कारण आहे, ते कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांत कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा घरांत शिरल्या. यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी चढलं तेव्हा पुणे-बेंगळुरू महामार्गच बंद झाला. अशा वेळी घरात जे काही वाचतं ते उंचावर चढवलेलं असतं. जोंधळ्याची पोती, गाद्या, कागदांची पेटी, मुलांची दप्तरं चढवायला हाताशी तास-दोन तास मिळतात, कधी तेवढेही नाही. ते सगळं वर न्यायचं आणि वर गेल्यावर तिथे पंचवीस वर्षांचे बंब, कूलर, ठिबकच्या गुंडाळलेल्या नळ्या आणि रिकामी खोकी बसलेली दिसायची, हे इथल्या कितीतरी घरांचं वास्तव. म्हणून या गावांपुरतं माप सोपं आहे: मृग निघायच्या आत अर्धा माळा रिकामा. जूनच्या सात-आठ तारखेला शिडी लावून डोळ्यांनी पाहायचं.

दर पावसाळ्यात वर्तमानपत्रात तीच बातमी येते. कल्लोळ-यडूर बंधारा पाण्याखाली, मलिकवाड-दत्तवाड बंद, कारदगा-भोज बंद. पाणी अजून गावाबाहेर असतं. घराघरांत कुणीतरी शिडी भिंतीला टेकवतं, खालून कुणीतरी पहिलं पोतं उचलून धरतं, आणि वर चढलेल्याला विचारतं, ‘बसतंय काय रे?’